हिमावर पडलेला पाऊस: यमाल टुंड्रा, नोव्हेंबर २०१३

नोव्हेंबर २०१३ च्या पूर्वार्धात वायव्य सायबेरियातल्या यमाल द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात पाऊस पडला. जमिनीवर आधीच हिम साचलेलं होतं. त्यावर जवळपास दिवसभर पाणी पडत राहिलं आणि मग पारा झपाट्याने खाली गेला. भिजलेलं हिम गोठून टणक बर्फ झालं आणि वसंत येईपर्यंत तो बर्फ हलला नाही. त्या हिवाळ्यात यमालवर सुमारे ६१,००० रेनडिअर उपाशी मेले. द्वीपकल्पावर तेव्हा पावणेतीन लाखांच्या आसपास रेनडिअर होते, म्हणजे दर पाच जनावरांमागे एकाहून जास्त गेलं. सात वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २००६ मध्येही, असाच पाऊस झाला होता आणि तेव्हा सुमारे वीस हजार जनावरं गेली होती.

पुढच्याच उन्हाळ्यात, जुलै २०१४ मध्ये, याच यमालवर जमिनीत एक प्रचंड विवर सापडलं. त्याची छायाचित्रं जगभर फिरली. उपाशी मेलेल्या कळपांची बातमी तितकी फिरली नाही. मला मात्र टुंड्रा समजून घ्यायचा असेल तर विवरापेक्षा हा पाऊस जास्त महत्त्वाचा वाटतो. उणे चाळीस अंशांत पिढ्यानपिढ्या जगत आलेली जनावरं शून्याच्या वर गेलेल्या एका दिवसाने मारली. हे कसं झालं याचा माग काढताना तिथलं जवळजवळ सगळं जीवन वाटेत भेटतं.

जागा

यमाल हा कारा समुद्र आणि ओबचं आखात यांच्यामध्ये उत्तरेकडे घुसलेला, सुमारे ७०० किलोमीटर लांबीचा सपाट प्रदेश आहे. प्रशासकीय दृष्ट्या तो रशियाच्या यमालो-नेनेत्स स्वायत्त प्रांतात येतो. प्रांताची राजधानी सालेखार्द आर्क्टिक वृत्तावरच वसलेली आहे. द्वीपकल्पाच्या अगदी दक्षिणेला तुरळक लार्च दिसतात. त्यापुढे झाड नाही. खुजी विलो, गुडघ्याएवढी बर्च, लव्हाळे, कापूसगवत, मॉस आणि दगडफूल, एवढ्यावर सगळा पसारा.

झाड नसण्याचं कारण पायाखाली आहे. इथली जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात तिचा वरचा थर तेवढा वितळतो, कुठे वीतभर, कुठे हात-दोन हात. मुळांना पसरायला तेवढीच जागा. खाली बर्फ असल्यामुळे वितळलेलं पाणी झिरपून जात नाही, म्हणून वर्षाला मिळणारं पाणी कमी असूनही उन्हाळ्यात जिकडे तिकडे तळी, डबकी आणि दलदल. वाढीचा हंगाम दीड-दोन महिन्यांचा. त्या दीड-दोन महिन्यांत सूर्य मावळत नाही, गवत अक्षरशः दिवसरात्र वाढतं, डासांचे ढग उठतात आणि त्या कीटकांवर, त्या गवतावर पोसायला दूरदूरच्या खंडांतून हंस, बदकं, पाणपक्षी येऊन अंडी घालतात. टुंड्राची बहुतेक सुंदर छायाचित्रं याच आठवड्यांतली असतात. पण तिथे बारमाही राहणाऱ्या जीवाचा कस लागतो तो उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत, आणि ते महिने हिमाखाली जातात.

हिम म्हणजे पांघरूण

कोरडं, भुसभुशीत हिम हे मुख्यतः कोंडलेली हवा असतं. वर हवा उणे तीस असताना जाड थराखाली जमिनीलगत तापमान शून्याच्या काही अंशच खाली असतं. जमिनीच्या उबेने हिमाच्या तळाशी दाणेदार स्फटिक तयार होतात, साखरेसारखे सुटे, आणि त्यांच्यामधून पोकळ वाटा राहतात. लेमिंग, म्हणजे उंदरासारखे छोटे प्राणी, याच पोकळीत हिवाळा काढतात. ते झोपी जात नाहीत. मॉस आणि गवताचे कोंब खातात, गवताची घरटी करतात, अनुकूल हिवाळ्यात तिथेच पिल्लंही घालतात. लेमिंगची संख्या दर तीन ते पाच वर्षांनी उसळते आणि कोसळते. त्या तालावर ध्रुवीय कोल्हा, हिमघुबड आणि उन्हाळ्यात येणारे शिकारी पक्षी आपली वीण कमीजास्त करतात. लेमिंगचं वर्ष वाईट गेलं तर हिमघुबड त्या भागात घरटं करायच्या भानगडीतही पडत नाही. एवढ्या मोठ्या पक्ष्याचं भवितव्य हिमाच्या तळातल्या बोटभर पोकळीवर ठरतं.

रेनडिअर त्याच हिमाच्या वर उभा असतो, पण त्याचं अन्न खालीच आहे. हिवाळ्यात त्याचा मुख्य आधार म्हणजे दगडफूल, खास करून फांद्या फुटलेल्या करड्या-पांढऱ्या झुपक्यांचं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा जोडसंसार. त्याला मुळं नाहीत, ते पाणी थेट हवेतून आणि हिमातून घेतं आणि वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. चरून किंवा तुडवून उघडं पडलेलं कुरण पूर्ववत व्हायला दोन-तीन दशकं सहज लागतात. त्यात प्रथिनं फार थोडी, पण पिष्टमय भाग भरपूर. बहुतेक चरणाऱ्या जनावरांना ते नीट पचत नाही. रेनडिअरच्या पोटातले सूक्ष्मजीव ते पचवतात आणि त्या इंधनावर जनावर हिवाळाभर अंग गरम ठेवतं.

हे खाणं मिळवण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. रेनडिअर नाक हिमात खुपसून चालतो. खालच्या दगडफुलाचा वास त्याला वरून येतो. जागा पटली की पुढच्या एका पायाने तो हिम मागे ओढायला लागतो. हिवाळ्यात त्याच्या खुरांमधले मऊ तळवे आक्रसतात, खुराची कडा धारदार होते आणि तिचं फावडं होतं. चार-सहा फटक्यांत खड्डा होतो, त्यात तोंड घालून तो खातो, मग पुढचा खड्डा. दिवसभर हेच. खड्डा खणणं कष्टाचं असल्यामुळे दुसऱ्याने खणलेला बळकावणं सोयीचं, आणि इथे शिंगं कामाला येतात. मोठ्या नरांची शिंगं माजाचा काळ संपल्यावर हिवाळ्याच्या तोंडावर गळतात. माद्यांची मात्र वसंतापर्यंत टिकतात. त्यामुळे ऐन हिवाळ्यात गाभण मादी आपल्यापेक्षा थोराड नराला खड्ड्यावरून हुसकावू शकते. ती मे महिन्यात विणार असते, आणि पोटातलं पाडस जगेल की नाही हे त्या खड्ड्यांतून मिळणाऱ्या घासांवर ठरतं.

या साऱ्या व्यवस्थेची एकच अट आहे. हिम खणता आलं पाहिजे. ते किती खोल आहे यापेक्षा ते किती टणक आहे याला जास्त महत्त्व. गुडघाभर मऊ हिम रेनडिअर उपसतो. काही सेंटिमीटर घट्ट बर्फापुढे त्याचा इलाज चालत नाही.

पाऊस पडल्यावर

पावसाचं पाणी हिमाच्या वर थांबत नाही. ते झिरपत खाली जातं, काही भाग वाटेत गोठतो, काही जमिनीपर्यंत पोचून तिथे गोठतो. म्हणजे बर्फाचा पापुद्रा वर येतोच, शिवाय तळाशी दगडफूल, मॉस आणि गवत यांना वेढून बसलेला दुसरा थरही तयार होतो. गोठताना पाणी आपली उष्णता सोडतं, ती जमिनीत शिरते. थोडक्यात, अन्न बर्फात बंद होतं, लेमिंगच्या वाटा बुजतात आणि कायम गोठलेल्या जमिनीला हिवाळ्याच्या सुरुवातीलाच ऊब मिळते. तिन्ही गोष्टी एका दिवसात.

अशा घटना हिवाळ्याच्या शेवटी घडल्या तर नुकसान होतं, पण थोड्या दिवसांनी वितळण होणारच असते. नोव्हेंबरातला पाऊस वेगळा. त्यानंतर सहा महिने वितळण नाही. २०१३ मध्ये बर्फाचा थर हिवाळ्याच्या दारातच बसला आणि वरून पडलेल्या हिमाने तो झाकला गेला. वरून पाहिलं तर प्रदेश नेहमीसारखाच पांढरा.

रेनडिअर एका रात्रीत मरत नाही. शरदात साठवलेली चरबी आधी जाते, मग स्नायू. मोठे नर आधीच अडचणीत असतात, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या माजात ते जवळजवळ खात नाहीत आणि पुष्कळ वजन गमावून हिवाळ्यात शिरतात. त्या वर्षी जन्मलेल्या पाडसांकडे साठाच थोडा. माद्या जगल्या तरी पोटातलं पाडस टिकण्याची खात्री नसते, त्यामुळे पुढच्या वसंतातही घट दिसते. मग चारा का टाकला नाही, हा प्रश्न सहज मनात येतो. अडचण दुहेरी आहे. शेकडो किलोमीटरवर विखुरलेल्या, रस्ता नसलेल्या कळपांपर्यंत तो न्यायचा कसा, ही एक. दुसरी पोटातली: दगडफुलाला सरावलेल्या आणि त्यातून उपासमार झालेल्या जनावराला एकदम धान्य किंवा खुराक दिला तर पोटात आम्ल वाढून ते त्यानेच मरू शकतं. बदल हळूहळू करावा लागतो, आणि हळूहळू करायला वेळ नसतो.

पाऊस आला कुठून

लॅपलँड विद्यापीठाच्या आर्क्टिक केंद्रातले ब्रूस फोर्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ आणि २०१३ या दोन्ही घटनांचा अभ्यास करून २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. पशुपालकांच्या मुलाखती, हवामानाच्या नोंदी आणि उपग्रहांनी टिपलेली समुद्री बर्फाची स्थिती, असं तिन्ही एकत्र ठेवून त्यांनी पाहिलं. दोन्ही वेळी पावसाच्या सुमारास बॅरेंट्स आणि कारा समुद्रांतला बर्फ मागे हटलेला होता.

यातली साखळी समजायला अवघड नाही. बर्फाने झाकलेला समुद्र हवेला ओलावा देत नाही. उघडा समुद्र देतो, आणि गोठायच्या बेतात असलेलं पाणीसुद्धा भोवतालच्या हवेपेक्षा पुष्कळ उबदार असतं. ती दमट, उबदार हवा वाऱ्याने यमालवर आली की हिमाच्या जागी पाऊस पडतो. आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे आणि शरदात समुद्र गोठायला उशीर होऊ लागला आहे. एखाद्या विशिष्ट पावसाचं खापर एका कारणावर फोडताना मी जपून बोलेन. पण नोव्हेंबरात उघडा समुद्र शेजारी असणं आणि नोव्हेंबरात पाऊस पडणं यांचा संबंध भौतिकशास्त्राच्या साध्या नियमांतून येतो, आणि तो अधिकाधिक वेळा जुळून येणार आहे.

असं फक्त यमालवर घडलेलं नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये कॅनडाच्या बँक्स बेटावर हिमावर पाऊस पडला आणि सुमारे वीस हजार कस्तुरीबैल उपाशी मेले. नॉर्वेच्या स्वालबार्डवर बर्फबंद हिवाळ्यात जंगली रेनडिअर किनाऱ्यावर उतरून समुद्री शेवाळ खाताना आढळले आहेत. भूक भागवायला नाइलाजाने केलेली ती सोय आहे, पण ती करता येते हे लक्षात ठेवण्यासारखं, कारण पुढचा मुद्दा त्याच्याशी जोडलेला आहे. बर्फाने एक दार बंद केलं तर दुसरं दार उघडं आहे का?

बिऱ्हाडं

यमालचे रेनडिअर बहुतेक सगळे पाळीव आहेत. त्यांच्यामागे नेनेत्स लोकांची बिऱ्हाडं वर्षभर चालतात. कातड्यांनी शाकारलेला शंकूच्या आकाराचा तंबू, म्हणजे चुम, स्लेजवर लादायचा, पुढच्या मुक्कामी उभारायचा. काही गटांची वर्षभराची जाऊन-येऊन वाट हजार किलोमीटरच्याही पुढे जाते. उन्हाळ्यात उत्तरेला, समुद्राच्या वाऱ्यावर, कारण तिथे कोवळं गवत असतं आणि वाऱ्यामुळे डास आणि कातडीत अळ्या सोडणाऱ्या माश्या कमी छळतात. हिवाळ्यात दक्षिणेला, बरेच गट गोठलेलं ओबचं आखात ओलांडून पलीकडच्या विरळ झाडीत, जिथे दगडफूल चांगलं असतं आणि वारा अडतो. नोव्हेंबर हा या परतीच्या वाटेवरचा महिना. २०१३ चा पाऊस नेमका दक्षिण यमालवर, नेमका या वेळी पडला.

कुरण बर्फबंद होणं नेनेत्स पशुपालकांना नवीन नाही. थोड्या भागात पापुद्रा धरला तर त्यावरचा उपाय जुना आहे: बिऱ्हाड उचला, बर्फ नसलेल्या कुरणावर जा. २०१३ मध्ये बर्फबंद मुलूख इतका पसरला होता की थकलेला कळप घेऊन त्याच्या पार जाणंच अनेकांना जमलं नाही. आणि इथे एक गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. स्लेज ओढणारे रेनडिअरही त्याच कळपातले असतात, बहुधा खच्ची केलेले नर, वर्षानुवर्षं शिकवून तयार केलेले. ते मेले की फक्त मांस आणि कातडं गेलं असं होत नाही. चुम हलवणारी ताकद गेली. भटकं बिऱ्हाड जागच्या जागी अडकलं. ज्यांचे कळप संपले त्यांच्यातले बरेचजण मासेमारीवर गुजराण करू लागले आणि नातेवाइकांकडून, शेजारच्या बिऱ्हाडांकडून विणीसाठी जनावरं उसनी घेऊन पुन्हा सुरुवात केली. मादी वर्षाला एकच पाडस देते आणि पहिलं पाडस द्यायलाच तिला दोन-तीन वर्षं लागतात. कळप उभा करायचं काम किती लांबतं याचा अंदाज यावरून यावा. हिशेबाच्या कागदावर हे नुकसान जनावरांच्या संख्येत मांडलं जातं. मला ते अपुरं वाटतं. शिकवलेल्या स्लेजच्या जनावराची जागा दोन वर्षांचं पाडस भरून काढत नाही.

मेलेल्यांवर कोण जगलं

टुंड्रात मेलेलं जनावर वाया जात नाही. हिवाळ्यात तर मुळीच नाही. दक्षिण यमालमध्ये एर्कुता नदीच्या परिसरात संशोधक बरीच वर्षं प्राणी-पक्ष्यांच्या नोंदी ठेवत आले आहेत. २०१४ च्या उन्हाळ्यात त्यांना तिथे लाल कोल्हा आणि करडा कावळा यांची वीण आढळली. दोघंही मूळचे दक्षिणेकडच्या जंगल पट्ट्यातले. उघड्या टुंड्रात हिवाळा काढण्याइतकं अन्न त्यांना एरवी मिळत नाही. त्या हिवाळ्यात जागोजागी मेलेले रेनडिअर पडले होते.

लाल कोल्हा ध्रुवीय कोल्ह्यापेक्षा अंगाने मोठा असतो, त्याची बिळं बळकावतो आणि प्रसंगी त्याला मारतोही. ध्रुवीय कोल्ह्याचं संरक्षण आजवर प्रदेशाच्या दारिद्र्यानेच केलं होतं: जिथे अन्न इतकं थोडं की मोठ्या अंगाचं जनावर टिकूच शकत नाही, तिथे छोटं, काटकसरी जनावर राज्य करतं. एका हिवाळ्यात मांसाचे ढीग पडले आणि ते संरक्षण सुटलं. कावळा घरट्यांतली अंडी खातो, म्हणजे त्याची झळ उन्हाळी पाहुण्या पक्ष्यांना. हिमावरच्या पावसाचा परिणाम अशा रीतीने त्या वेळी हजारो किलोमीटर दूर असलेल्या पाणपक्ष्याच्या अंड्यापर्यंत पोचतो. टुंड्रातली अन्नसाखळी छोटी असते, तिच्यात कड्या थोड्या असतात, म्हणूनच एका कडीला बसलेला हिसका एवढ्या लवकर दुसऱ्या टोकाला जाणवतो.

जनावरं जास्त झाली होती का

या घटनेवरचा वाद इथे सुरू होतो. सोव्हिएत काळ संपल्यावर यमालवर खाजगी कळप वाढले. संपूर्ण प्रांतात २०१० च्या दशकाच्या मध्यावर सात लाखांच्या आसपास रेनडिअर होते आणि जगात इतके पाळीव रेनडिअर दुसऱ्या कुठल्या प्रांतात नाहीत. काही तज्ज्ञांचं आणि अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की कुरणांवर भार झेपेना झाला आहे, दगडफूल झिजलं आहे, तेव्हा एखादा वाईट हिवाळा येताच जनावरं मरणारच.

यात तथ्य आहे. दगडफूल जाड असेल तर बर्फाच्या थरावर डोकावणारं, खडकांच्या आडोशाला उरलेलं काहीतरी मिळतं. झिजलेल्या कुरणावर तेही नाही. चरबी कमी घेऊन हिवाळ्यात शिरलेलं जनावर आधी कोसळतं, हेही खरं. पण एवढ्यावर थांबणं मला चुकीचं वाटतं. भरलेल्या कुरणावरही दगडफूल बर्फात बंद झालं तर ते असून नसल्यासारखंच. बँक्स बेटावर कस्तुरीबैल कुणी पाळलेले नव्हते, तरी ते मेले.

शिवाय कुरणावरचा भार म्हणजे जनावरांची संख्या भागिले वापरता येणारी जमीन. चर्चा नेहमी वरच्या आकड्याची होते. खालच्या आकड्याचं काय? यमालखाली नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे आहेत. बोवानेन्कोवो क्षेत्रातून २०१२ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटरचा लोहमार्ग टाकला गेला. ईशान्य किनाऱ्यावर साबेत्ता बंदर उभं राहिलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिथून द्रवरूप वायूचं पहिलं जहाज निघालं. नळवाहिन्या, रस्ते, खाणी, वसाहती यांनी प्रत्यक्ष व्यापलेली जमीन नकाशावर थोडी दिसते. कळपाच्या वाटेवर आडवी आलेली एक नळवाहिनी मात्र तिच्या पलीकडचं सगळं कुरण लांब नेऊन ठेवते. काही ठिकाणी स्लेज रस्त्यावरून नेता याव्यात म्हणून कापड अंथरून ओलांडण्याच्या जागा केल्या आहेत, आणि नेनेत्स पशुपालकांनी या सगळ्याशी बऱ्याच प्रमाणात जुळवून घेतलं आहे, हे संशोधकांनीही नोंदवलं आहे. पण त्यांचं जुळवून घेणं टिकून आहे ते वाट बदलण्याच्या मुभेवर. ती मुभा आकसते तसा हवामानाचा प्रत्येक फटका जास्त जोरात बसतो. २०१३ च्या मृत्यूंचं कारण विचारलं तर मी पाऊस म्हणेन. इतक्या मोठ्या संख्येचं कारण विचारलं तर अडलेल्या आणि अरुंद झालेल्या वाटाही त्यात धरीन.

तीन वर्षांनी उन्हाळा

जुलै २०१६ मध्ये यमालवर पारा ३५ अंशांपर्यंत गेला. त्याच महिन्यात कळपांत काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, पसरली. त्या भागात १९४१ नंतर ती आलीच नव्हती. दोन हजारांहून अधिक रेनडिअर मेले, अनेक नेनेत्स कुटुंबांना तंबूंतून हलवून रुग्णालयात ठेवावं लागलं आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला.

या रोगाचे बीजाणू गोठलेल्या मातीत दशकानुदशकं जिवंत राहतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या रोगाने उत्तर रशियात रेनडिअरची प्रचंड हानी केली होती, आणि कायम गोठलेल्या जमिनीत खोल खड्डा खणता येत नसल्यामुळे मेलेली जनावरं वरवरच पुरली जात किंवा उघड्यावर राहत. असाधारण उन्हाळ्यात जमिनीचा वितळणारा थर खोल गेला की जुने बीजाणू वर येऊ शकतात. पण इथेही हवामानावर बोट ठेवून मोकळं होता येत नाही. साथ नाही म्हणून या भागातल्या रेनडिअरना लस देणं २००७ मध्ये बंद केलं होतं. साथीनंतर लसीकरण पुन्हा सुरू झालं. लस चालू असती तर तोच उन्हाळा, तीच माती, आणि मृत्यू फार थोडे, असं मला ठामपणे वाटतं.

साथीनंतर प्रांतातले कळप अडीच लाखांनी कमी करण्याचा प्रस्ताव पुढे आला. २०१३ आणि २०१६ च्या घटना एकाच ओळीत मांडून, पाहा, जनावरं फार झाली, असा युक्तिवाद झाला. दोन घटनांचं मूळ वेगळं आहे. एकीत हिवाळ्यात हिमाची घडण बिघडली, दुसरीत उन्हाळ्यात जमिनीचा थर आणि लसीकरण दोन्ही ढासळले. दोन्हींवर एकच कपातीचा उतारा लावला तर बिऱ्हाडांचं नुकसान नक्की आणि पुढच्या पावसापासून संरक्षण अनिश्चित. कळप लहान असलेलं बिऱ्हाड तर आधी संपतं, कारण शंभर जनावरांतली साठ गेली की उरलेल्या चाळिसांवर कुटुंब जगत नाही. मोठा कळप हा टुंड्रात हावरेपणा नसून बऱ्याचदा वाईट हिवाळ्यासाठी बाजूला ठेवलेली शिल्लक असते.

काय करता येईल

फोर्ब्स यांच्या अभ्यासात आलेली एक सूचना मला सगळ्यांत व्यवहारी वाटते: कळपांच्या वाटांजवळ नेता येतील असे फिरते कत्तलखाने. पाऊस पडून बर्फ धरला की कोणती जनावरं हिवाळा काढणार नाहीत हे अनुभवी पशुपालकाला लवकर कळतं. ती धडधाकट असतानाच कापता आली तर मांस विकलं जातं, बिऱ्हाडाच्या हाती पैसा येतो आणि उरलेल्या कुरणावर माद्या आणि स्लेजची जनावरं तगतात. आज कत्तलखाने ठरलेल्या जागी आहेत, आणि भुकेला कळप तिथवर हाकत नेईपर्यंत विकण्याजोगं मांस अंगावर उरत नाही.

दुसरी गोष्ट कुरणांची. चांगल्या वर्षी न वापरलेलं, फक्त बर्फबंद हिवाळ्यासाठी राखलेलं कुरण ठेवायचं तर त्यावर वायूच्या विहिरी खोदायचा परवाना देऊन चालणार नाही. नकाशावर ते रिकामं दिसतं. वीस वर्षांतून दोनदा वापरायची जमीन रिकामीच दिसणार. नवे लोहमार्ग आणि नळवाहिन्या आखताना ओलांडण्याच्या जागा कुठे हव्यात हे बिऱ्हाडांना विचारून ठरवलं, तर खर्चही फार वाढत नाही.

तिसरी पूर्वसूचनेची. बॅरेंट्स आणि कारा समुद्रांवरचा बर्फ उपग्रहांच्या चित्रांत रोज दिसतो. ऑक्टोबरअखेरीस समुद्र मोकळा असेल तर त्या वर्षी हिमावर पाऊस पडण्याचा धोका वाढलेला असतो, एवढं आता माहीत आहे. नेमका कोणत्या नदीच्या खोऱ्यात पडेल हे आधी सांगता येत नाही. तरी धोक्याचं वर्ष आहे एवढं जरी ऑक्टोबरात कळलं तरी बिऱ्हाड ओबकडे लवकर निघू शकतं, किंवा कळपाचे दोन भाग करून वेगवेगळ्या वाटांनी नेऊ शकतं. हा निरोप कोणत्या कार्यालयाने द्यायचा, तो चुमपर्यंत कसा पोचवायचा, आणि निरोप मिळाल्यावर ज्या कुरणावर जायचं तिथे आधीपासून दुसऱ्याचा कळप असेल तर तोड कुणी काढायची, एवढं ठरवायचं आहे.